सुटका झाली, भरपाईचं काय?

दिल्लीच्या एम्समध्ये एका तरुणाला चार वर्षं औषधं दिली गेली. त्याचा आजार इतकाच की त्याला पुरुषांबद्दल ओढ वाटत होती. २००१ मध्ये नाझ फाउंडेशनने त्याच्या वतीने राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रार नेली आणि आयोगाने ती फेटाळली. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुस्तकात असताना अशा व्यक्तींचे हक्क आपल्या कक्षेत येत नाहीत, अशी आयोगाची भूमिका होती. मुळात फिर्यादीच गुन्हेगार, मग त्याची कैफियत ऐकणार कोण?

तेव्हापासून पुष्कळ बदललं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ मोडीत काढलं. त्याच वर्षी इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने समलिंगी असणं हा आजार नाही, असं जाहीर सांगितलं. ७ जून २०२१ ला मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी लैंगिक कल ‘बदलण्याच्या’ सगळ्या वैद्यकीय प्रयत्नांना मनाई केली. २५ ऑगस्ट २०२२ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सगळ्या राज्य परिषदांना कळवलं की असे प्रयत्न, म्हणजे कन्व्हर्जन थेरपी, हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. हे सगळं वाचून वाटावं, की आता ज्याचं नुकसान झालं त्याने दाद मागावी आणि त्याला ती मिळावी. प्रत्यक्षात या वीस-पंचवीस वर्षांत आपला कायदा डांबलेल्या माणसाला बाहेर काढायला शिकला. बाहेर आलेल्या माणसाचं जे मोडलं त्याचं मोल मोजायला तो अजून शिकलेला नाही.

हा आढावा मुंबई-पुण्यात बसून घेतला तर चित्र उगाच उजळ दिसतं. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आहे, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये सुरू केलेला समपथिक ट्रस्ट आहे. फोन केला तर वकिलाचं नाव तरी मिळतं. म्हणून मी जागा निवडली बरगी. जबलपूरहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या आत हे गाव येतं. नर्मदेवरच्या बरगी धरणाने १६२ गावांना झळ पोचवली, त्यामुळे भरपाई कागदावर कशी असते आणि हातात कशी येते, हे या भागाला कोणी शिकवायला नको. जबलपुरात भोसल्यांच्या काळापासून मराठी घरं आहेत. १९५६ मध्ये नागपूरचं हायकोर्ट जबलपूरला गेलं आणि त्याच्याबरोबर मराठी वकिलांचीही काही बिऱ्हाडं गेली. समजा, बरगीतल्या अशाच एका घरातला तेवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. घरच्यांना कळलं आणि ‘इलाज’ सुरू झाला. देशातल्या एवढ्या निकालांपैकी आणि परिपत्रकांपैकी त्यांच्यापर्यंत काय पोचतं?

आधी ‘इलाज’ म्हणजे काय काय, ते पाहू. केतकी रानडे यांनी २००९ मध्ये पश्चिम भारतातल्या अशा उपचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मानसोपचारतज्ज्ञांच्या खोल्यांत काय चालतं, हे त्यामुळे निदान नोंदलं तरी गेलं. गोळ्या, संप्रेरकं, चित्रं दाखवून हाताला वा पायाला दिले जाणारे विजेचे सौम्य झटके, तासन्‌तास ‘समुपदेशन’. हे सगळं चोरून चालत होतं असंही नाही. १९७९ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त अशा उपचारावरचा लेख राजरोस छापून आला होता. डॉक्टरच्या पलीकडे व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. मुलगा दारूला शिवत नसला तरी तिथे महिना-दोन महिने ठेवतात, कारण तिथे बाहेरून कुलूप असतं. गावाकडे गुनिया, ओझा, भगत असे मांत्रिक. आणि सगळ्यांत चालणारा, कुठल्याही अभ्यासात औषध म्हणून न नोंदला जाणारा इलाज म्हणजे लग्न. ‘लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल.’

पहिला प्रश्न सुटकेचा, आणि इथे कायदा खरोखर चांगला आहे. हेबिअस कॉर्पसची, म्हणजे डांबलेल्याला कोर्टापुढे हजर करा अशी, याचिका मित्र, जोडीदार, कोणीही करू शकतो आणि बरगीच्या माणसाला तर हायकोर्ट तासाभरावर आहे. त्याहूनही जवळचा रस्ता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० मध्ये आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ९७ होतं. कोणाला बेकायदा डांबून ठेवलंय असं वाटण्यास कारण असेल तर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी झडतीचं वॉरंट काढू शकतात. माणूस सापडला की त्याला लगेच त्यांच्यासमोर उभं करावं लागतं. वकील मंडळींनाही हे कलम पटकन आठवत नाही, याचं मला नवल वाटतं.

हेबिअस कॉर्पसमध्ये मात्र एक खोच होती. मुलगी कोर्टासमोर आली की काही न्यायमूर्ती तिला ‘समुपदेशना’ला पाठवत, कधी आईवडिलांबरोबर चेंबरमध्ये बसवत. कोर्टानेच इलाजाचा एक डोस द्यावा असा प्रकार. ११ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने देवू जी. नायर प्रकरणात याला लगाम घातला. हाताखालच्या कोर्टांना सांगितलं की अशा याचिका प्राधान्याने ऐका, त्या व्यक्तीशी घरच्यांच्या गैरहजेरीत बोला, दोघांचं नातं नेमकं काय याची उलटतपासणी करू नका, तात्पुरतं पोलीस संरक्षण द्या, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिची ओळख बदलण्याचा प्रयत्न अजिबात करू नका. हा निकाल देशभर बंधनकारक आहे, म्हणजे बरगीपर्यंत पोचतो. मद्रास हायकोर्टाचा २०२१ चा आदेश तसा पोचत नाही. जबलपूरच्या न्यायमूर्तींनी तो आदराने वाचावा, मानावा की नाही हे त्यांच्यावर.

मे २०२५ मध्ये मद्रास हायकोर्टापुढे पंचवीस वर्षांची एक तरुणी आली. तिने सांगितलं की आपल्याला जबरदस्तीने घरी नेलं, मारलं आणि ‘नॉर्मल’ व्हावं म्हणून विधी करायला लावले. कोर्टाने तिला मोकळं केलं, घरच्यांना तिच्या वाटेला न जाण्याची ताकीद दिली, तीन ठिकाणच्या पोलिसांच्या असंवेदनशील वागण्यावर ताशेरे ओढले. निकाल सुंदर आहे, तो मुळातून वाचावा. पण याचिका सुटकेची होती, ती सुटका झाली आणि तिथे संपली. मारहाणीचं पुढे काय, हे तिने पुन्हा नव्याने, दुसऱ्या दारी, त्याच पोलिसांकडे जाऊन विचारायचं.

आता ज्याने उपचार केले त्याच्याकडे वळू. तो एमबीबीएस किंवा त्यापुढचा असेल तर बरगीहून तक्रार भोपाळच्या मध्य प्रदेश वैद्यक परिषदेकडे जाईल. वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या पत्रामुळे ‘हे गैरवर्तन आहे का’ यावर वाद घालायचं कारण उरलेलं नाही, ‘केलं का’ एवढंच सिद्ध करायचं. ते सिद्ध होतं कागदावर. आचारविषयक २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत डॉक्टरने नोंदी द्यायला हव्यात आणि तीन वर्षं त्या जपायला हव्यात. अशा केसपेपरवर निदानाच्या रकान्यात ‘समलैंगिक’ असं सहसा कोणी लिहीत नाही. ‘अ‍ॅडजस्टमेंट’, ‘अँग्झायटी’, नाहीतर एफ ६६.१ एवढंच. हा आकडा ज्याला कळतो त्याला गोष्ट कळते. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १७ मे १९९० ला काढली खरी, पण त्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत एक फट ठेवली. स्वतःचा लैंगिक कल स्वतःलाच नकोसा वाटणं, हा विकार म्हणून राहिला आणि त्याचा क्रमांक एफ ६६.१. घरच्यांनी सहा महिने छळल्यावर कोणाला आपला कल हवासा वाटेल? अकराव्या आवृत्तीने ही फट बुजवली. ती २०२२ पासून लागू झाली. आपल्याकडच्या कित्येक फॉर्मांवर मात्र दहावीचेच आकडे आहेत.

परिषदेकडून फार तर डॉक्टरचं नाव काही काळासाठी नोंदवहीतून निघतं. तक्रारदाराला एक पैसा मिळत नाही. शिवाय परिषदेने तक्रार निकाली काढली तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात अपिलाची वाट डॉक्टरला आहे, रुग्णाला नाही. हा उघड पक्षपात आहे आणि त्यावर बोंबही झाली आहे. दिल्लीचं उदाहरण आणखी वेगळं. तिथे विजेचे झटके देणाऱ्या एकाला दिल्ली वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये व्यवसायाला मनाई केली. दवाखाना चालूच राहिला. डिसेंबर २०१८ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी त्याच्यावर समन्स काढलं.

आणि हे सगळं फक्त अ‍ॅलोपथीवाल्यांना लागू. होमिओपथी आणि आयुर्वेद यांचे आयोग वेगळे आहेत, त्यांना २०२२ चं पत्र बांधत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असतो. पण ज्याच्या पाटीवर नुसतं ‘समुपदेशक’ लिहिलंय त्याचं नाव बहुधा कुठल्याच वहीत नसतं, मग काढणार कुठून? बरगीसारख्या ठिकाणी माणूस पहिल्यांदा गाठतो तो नेमका यांतलाच एखादा.

दवाखान्यात किंवा केंद्रात डांबलं असेल तर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा हातात घ्यावा. माझ्या मते या विषयावरचं सगळ्यांत धारदार आणि सगळ्यांत कमी वापरलेलं हत्यार हेच आहे. कलम ३ सांगतं की समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक वा धार्मिक चालीरीतींशी जुळत नाही म्हणून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. कलम १८ मध्ये भेदभाव नको म्हणताना ‘लैंगिक कल’ हे शब्द स्पष्ट आहेत. कलम २० क्रूर आणि अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षण देतं. संमतीशिवाय भरती करायची तर कलम ८९ ची वाट आहे आणि ती अरुंद आहे. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं, मुदत तीस दिवसांची, आणि पुनरावलोकन मंडळाला कळवायचं, स्त्री किंवा अज्ञान असेल तर तीन दिवसांत, इतरांबाबत सात दिवसांत. व्यसनमुक्ती केंद्रंही या कायद्याच्या पकडीत येतात, नोंदणी नसेल तर दंड आहे. त्यामुळे सुटून आलेल्याने पहिला प्रश्न ‘मला का ठेवलं’ असा विचारू नये. ‘माझ्या भरतीची खबर मंडळाला कोणत्या तारखेला दिली’ असं लेखी विचारावं. बहुतेक ठिकाणी उत्तर येणार नाही, आणि न आलेलं उत्तरही कोर्टात कामाला येतं.

या हत्याराला धार आहे, मूठ नाही. मंडळं जागेवर हवीत. महाराष्ट्रासारख्या राज्यात कायद्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून मुंबईतले मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना हायकोर्टात जनहित याचिका करावी लागली, यावरून कल्पना यावी. शिक्षाही बेताची, पहिल्या उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सहा महिन्यांच्या गुन्ह्याची दखल घ्यायची मुदत एक वर्ष. अशा केंद्रातून बाहेर पडलेला माणूस पहिलं वर्ष झोप लागावी म्हणून झगडत असतो, फिर्याद लिहीत नसतो. विजेच्या झटक्यांबद्दलही एक बारीक गोष्ट. कलम ९५ भुलेशिवाय आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाशिवाय ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचे झटके, द्यायला बंदी घालतं. हाताला दिलेला झटका म्हणजे ईसीटी नव्हे, असं बचावाचा वकील म्हणेल, आणि शब्दशः ते खरं आहे. म्हणून अशा झटक्याच्या तक्रारीत ९५ च्या मागे न लागता कलम २० आणि भारतीय न्याय संहितेतलं इजेचं कलम धरावं.

पैसे मिळवून देणारा खरा दरवाजा माझ्या मते ग्राहक आयोगाचा आहे, आणि तिथे अजून पुरेशी गर्दी नाही. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात ठरलं. पैसे तर वडिलांनी भरले, मुलगा ग्राहक कसा? हाही प्रश्न सुटलेला आहे. सेवेचा ‘लाभार्थी’ ग्राहकच, १९९८ च्या स्प्रिंग मेडोज प्रकरणात मूल आणि आईबाप दोघांनाही ग्राहक मानलं गेलं. (अशा इलाजाच्या बाबतीत लाभार्थी हा शब्द लिहिताना पेन अडखळतं, पण कायद्याचा शब्द तोच.) आईने सही केली होती, हा बचाव २००८ च्या समीरा कोहली निकालापुढे टिकत नाही. तिथे रुग्ण भुलेखाली असताना आईची संमती घेऊन शस्त्रक्रिया उरकली होती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सज्ञान, समजत्या व्यक्तीच्या वतीने आईची सही चालत नाही. भरपाई फक्त पंचवीस हजारांची मिळाली, तत्त्व मात्र लाखमोलाचं आहे.

आणखी मागे गेलं तर एक मराठी खटला आहे, लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या मुलाच्या मांडीचं हाड मोडलं, त्याला पुण्याला आणलं, भूल न देता हाड ओढून बसवलं आणि मुलगा दगावला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये तीन हजारांची भरपाई कायम केली आणि डॉक्टरची कर्तव्यं सांगितली. केस हाती घ्यायची की नाही, कोणता उपचार करायचा, तो कसा करायचा, या तिन्ही टप्प्यांवर काळजी घेणं त्याच्यावर बंधनकारक आहे. कन्व्हर्जन थेरपीत डॉक्टर पहिल्याच टप्प्यावर चुकतो, कारण आजारच नसताना तो केस घेतो. हा युक्तिवाद अगदी सरळ आहे, त्याला नवा कायदा लागत नाही.

२०१९ च्या ग्राहक कायद्याने आणखी एक सोय केली. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. बरगीतून निसटून पुण्यात हिंजवडीला नोकरीला लागलेला मुलगा जबलपूरच्या डॉक्टरला पुण्याच्या जिल्हा आयोगात खेचू शकतो. ज्या गावात बाप, मामा आणि डॉक्टर एकाच चहाच्या टपरीवर बसतात तिथे परत जायला नको, ही सोय लहान नाही. मुदत दोन वर्षांची आहे, सबळ कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो. मानसिक धक्का हे सबळ कारण का नसावं?

हा रस्ता चालतो याचे दाखले बाहेर आहेत, आणि ते पुरोगामी म्हणवणाऱ्या देशांपुरते नाहीत. जून २०१५ मध्ये न्यू जर्सीतल्या ज्युरीने ‘जोना’ नावाच्या संस्थेला ग्राहक फसवणुकीच्या कायद्याखाली दोषी धरलं. सुमारे ७२ हजार डॉलर द्यायला लावले, त्यात नंतर घ्याव्या लागलेल्या मानसोपचारांचा खर्चही धरला होता. समलैंगिकता हा विकार आहे असं सांगून सेवा विकणं हीच दिशाभूल, हे न्यायाधीशांनी आधीच स्पष्ट केलं होतं. चीनमध्ये तर या थेरपीविरुद्ध कायदाच नाही. तरी डिसेंबर २०१४ मध्ये बीजिंगच्या कोर्टाने विजेचे झटके देणाऱ्या दवाखान्याला ३,५०० युआन आणि माफीनामा द्यायला लावला. २०१७ मध्ये हेनान प्रांतातल्या एका माणसाला ५,००० युआन मिळाले. बायकोने आणि नातलगांनी त्याला एकोणीस दिवस मनोरुग्णालयात कोंडलं होतं. कोर्टाने थेरपीच्या तात्त्विक चर्चेत न शिरता कोंडण्याकडे बोट दाखवलं. रक्कम किरकोळ, पण आपल्याकडच्या, वर आलेल्या अशा ‘इलाजा’च्या एकाही प्रकरणात तेवढीही हातात पडलेली नाही.

डॉक्टरशी भांडणं तरी सोपं, घरच्यांशी भांडणं अवघड. कायद्यात तरतुदी आहेत. न्याय संहितेच्या कलम १२७ नुसार दहा दिवस वा जास्त कोंडून ठेवलं तर पाच वर्षांपर्यंत कैद, गुंगीचं काही पाजलं तर कलम १२३. मुलीला २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा वापरता येतो. हा कायदा फक्त नवऱ्याविरुद्ध आहे हा गैरसमज आहे, मुलगी बापाविरुद्ध, भावाविरुद्ध अर्ज करू शकते. मुंबईच्याच एका कुटुंबाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ‘सज्ञान पुरुष’ हे शब्द काढून टाकल्यापासून आई किंवा आत्याविरुद्धही. संरक्षण, राहायला घर आणि कलम २२ खाली मानसिक त्रासाची भरपाई, सगळं एकाच दंडाधिकाऱ्याकडे. बरगीच्या मुलीसाठी मी पहिली शिफारस याचीच करीन. बरगीच्या मुलाला मात्र हा कायदा विचारत नाही. ट्रान्स व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यात शारीरिक, भावनिक छळाला सहा महिने ते दोन वर्षं कैद सांगितली. इतक्या गंभीर गोष्टीला इतकी हलकी शिक्षा, ही टीका तेव्हापासून होते आहे. घरच्यांकडून भरपाईसाठी समलिंगी मुलाच्या वाट्याला उरतो दिवाणी दावा, आणि बेकायदा कोंडल्याच्या भरपाईची मुदत एक वर्ष. त्या एका वर्षात बापावर दावा लावायचा. आपल्याकडे जमिनीसाठी लावतात, स्वतःसाठी लावणारा विरळा.

लग्नाच्या इलाजात तर दुहेरी अन्याय आहे. जबरदस्तीने किंवा फसवून घेतलेल्या संमतीचं लग्न हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली रद्द होतं, जबरदस्ती संपल्यापासून किंवा फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज केला तर. हा हक्क समलिंगी मुलाला आहे तसा, काहीच माहीत नसताना त्याच्या गळ्यात बांधलेल्या मुलीलाही आहे. इलाजाचं नुकसान झालेल्यांच्या यादीत तिचं नाव कोणी घालत नाही.

मांत्रिकाबाबत राज्याची सीमा आडवी येते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणं, काठीने वा चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, असं एकेक कृत्य नाव घेऊन लिहिलं आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. ‘मुलाच्या अंगात बाई शिरली आहे’ म्हणून झोडपणारा भगत यात अलगद सापडतो. मध्य प्रदेशात असा कायदा नाही. तोच भगत रस्त्याने दक्षिणेला नागपूरपर्यंत आला तर सात वर्षांचा धनी, बरगीत राहिला तर साधी मारहाण. १९५४ चा जादुई उपायांच्या जाहिरातींचा कायदा देशभर आहे, पण त्यातल्या आजारांच्या यादीत हे कधी नव्हतंच.

कायद्यातलं एक भगदाड नवं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. ‘सुधारण्या’साठी बलात्कार हा प्रकार मुलींच्या बाबतीत ऐकू येतो, मुलांच्याही. स्त्रीवरच्या बलात्काराला कलम आहे. पुरुषावर असा अत्याचार झाला तर पूर्वी ३७७ चा उरलेला, संमतीविनाचा भाग कामाला येई. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ३७७ च नाही. ज्या कलमाने समलिंगी माणसाला दीडशे वर्षं छळलं, त्याच्यातला त्याच्या उपयोगाचा तुकडाही गेला. दिल्ली हायकोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राला याबद्दल विचारलं होतं.

पोलिसांनी सज्ञान मुलीला उचलून बापाच्या हवाली केलं असेल तर मात्र भरपाईचा जुना, सिद्ध रस्ता आहे. बिहारमधल्या रुदल साह (१९८३) आणि ओडिशातल्या नीलबती बेहरा (१९९३) प्रकरणांपासून सरकारने मूलभूत हक्क तुडवला तर रिट याचिकेतच पैसे देता येतात. सुटकेच्या याचिकेतच ही मागणी जोडायला हवी. वकील ती जोडत नाहीत, कारण अशील थकलेलं असतं, त्याला फक्त घरी जायचं असतं, म्हणजे घरापासून लांब. अज्ञान मुलांचं थोडक्यात सांगतो. बाल न्याय कायद्याचं कलम ७५, बालकल्याण समिती, १०९८ हा क्रमांक, लैंगिक अत्याचार असेल तर पॉक्सो. दिवाणी दाव्याची मुदत अज्ञान मुलांच्या बाबतीत सज्ञान झाल्यावर सुरू होते.

नवा कायदा हवा, असं सगळे म्हणतात. माल्टाने २०१६ मध्ये केला, जर्मनीने २०२० मध्ये, कॅनडा, फ्रान्स, न्यूझीलंडने २०२२ पर्यंत. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ च्या, समलिंगी विवाहाबद्दलच्या सुप्रियो निकालात सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी असे उपचार ताबडतोब थांबवायला सांगितलं, पण ते अल्पमतात होते, म्हणून तो आदेश झाला नाही. २०२४ मध्ये केंद्राने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहिलं आणि त्यात कन्व्हर्जन थेरपी रोखायला सांगितलं. पत्राने गुन्हा होत नाही, भरपाईही होत नाही. नव्या कायद्यात शिक्षेची वर्षं वाढवण्याचा मोह सगळ्यांनाच होईल. मला ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा २०२१ चा कायदा जास्त उपयोगाचा वाटतो. त्यात फौजदारी कलमं आहेतच, शिवाय ज्याला कोर्टात उभं राहायचं नाही त्याच्यासाठी आयोगापुढे दाद मागायची वेगळी व्यवस्था आहे. आपल्याकडे त्यात दोन गोष्टी घालाव्या लागतील. मुदत सुटकेच्या दिवसापासून न मोजता माणूस घरच्यांच्या ताब्यातून स्वतंत्र झाल्यापासून मोजायची, आणि नंतरच्या मानसोपचारांचा खर्च इलाज करणाऱ्याकडून वसूल करायचा.

तोवर वकील लागणार. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे आणि मध्य प्रदेशचं राज्य प्राधिकरण जबलपुरातच आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्न न विचारता वकील मिळतो. मनोरुग्णालयाच्या ताब्यात असलेल्यालाही मिळतो, आणि २०१७ च्या कायद्याखाली ‘मानसिक आजार असलेल्या व्यक्ती’लाही. बरगीचा तो मुलगा या पहिल्या कुठल्याच वर्गात बसत नसेल आणि चार पैसे कमावत असेल, तर आत असेपर्यंत त्याचा वकील सरकारच्या खर्चाने. बाहेर आल्यावर भरपाई मागायची तर एकतर फी स्वतः भरायची, नाहीतर अर्जावर लिहून द्यायचं की मी मनोरुग्ण आहे.